मेंदूत कॅल्शियम साचले म्हणजे स्मृतिभ्रंश?

हेदवीसारख्या गावातून वृद्ध माणसाला सीटी स्कॅनसाठी चिपळूण वा रत्नागिरी गाठावी लागते. अहवालात 'मेंदूत कॅल्शियम' असे आले की घरचे धास्तावतात. आजींचे दूध बंद, कॅल्शियमच्या गोळ्या बंद! हे बरोबर आहे का?

मेंदूतील पिनियल ग्रंथीत वयोमानानुसार कॅल्शियम साचते. ते बहुधा निरुपद्रवी असते. मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लियातही उतारवयात थोडे दिसते. तेवढ्यावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णिलेल्या विकारात मेंदूत प्रथिने साचतात, कॅल्शियम नव्हे.

मात्र साठे दाट व दोन्ही बाजूंना असतील तर रक्त तपासून घ्यावे. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम मंदावले की रक्तात कॅल्शियम घटते, फॉस्फेट वाढते आणि मेंदूत साठे होतात. हातापायांना मुंग्या, पेटके, झटके येतात. बुद्धीही मंदावू शकते. अशा रुग्णाला कॅल्शियम व ड जीवनसत्त्व द्यावेच लागते. गोळ्या परस्पर बंद करणे त्याच्या जिवावर बेतू शकते. पूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

विसराळूपणाला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांमुळे झालेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवावा, तंबाखू सोडावी, ऐकू कमी येत असल्यास कान तपासावेत. उपचार अहवालातील एका शब्दावर नव्हे, रुग्णाची पूर्ण तपासणी करूनच ठरतात.