भिंतीतले भोक आणि छातीतली धूळ

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही उभे राहा, एक आवाज कानी पडतोच. घर्रर्र! घोडबंदर रस्त्याला नव्या इमारती उठत आहेत. डोंबिवलीत जुन्या चाळींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. नवे घर ताब्यात आले, की माणसाला पंखा हवा, पडदे हवेत, देव्हारा हवा, पाण्याचा फिल्टर हवा. प्रत्येकासाठी भिंतीत भोक पाडावे लागते. ही भोके पाडणारे आपल्यातलेच लोक आहेत. कोणी वायरमन, कोणी प्लंबर, कोणी सुतार, कोणी गवंडी. खाली पडलेला कचरा गोळा करणारी बिगारी बाईही त्यांच्यातलीच. हा धडा आम्ही त्या सर्वांसाठी लिहीत आहोत.

पूर्वी छिन्नी-हातोडा घेऊन घाम गाळावा लागे, तेव्हा कुठे एक भोक पडे. आता ड्रिल मशीन आले. तेच काम मिनिटाभरात होते. यंत्र वाईट नाही. पण यंत्राने काम जसे झपाट्याने होते, तशी धूळही झपाट्याने होते. हे आपण ध्यानात घेत नाही.

न दिसणारी धूळ

मिस्त्री म्हणतात, "अहो, धुळीतच आमचा जन्म गेला. धुळीला काय भ्यायचं?"

त्यावर आमचे म्हणणे असे, की धुळीच्या दोन जाती आहेत. एक दिसणारी. ती केसांवर बसते, घशात खवखवते, खाली पडते. नाकातले केस तिला अडवतात. खोकल्याबरोबर ती बाहेर पडते. दुसरी धूळ दिसत नाही. माणसाच्या केसाच्या जाडीत तिचे दहापंधरा कण सहज मावतील, इतकी ती बारीक असते. ती लवकर खाली बसत नाही. आवाज थांबला, मोठी धूळ बसली, आपण मास्क काढून चहा प्यायला बसलो, तरी ही धूळ हवेत तासन् तास तरंगत असते.

वाळूत, काँक्रीटमध्ये, विटेत, लादीत आणि ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश असतो. गारगोटी म्हणजे सिलिका. आपल्या डोंगरातल्या काळ्या पाषाणात ती फार थोडी असते. पण घराची भिंत काही नुसत्या काळ्या पाषाणाची नसते. यंत्राने गारगोटीचे पीठ झाले, की ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथे शरीराचे पहारेकरी असतात. ते हे कण गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागी घट्टा पडतो. हातोडा धरून हाताला पडतो, तसाच. हाताच्या घट्ट्याने काही बिघडत नाही. फुप्फुसाला घट्टे पडले, की त्याचा मऊपणा जातो आणि श्वास पुरत नाही. आधी जिना चढताना दम लागतो. मग सपाट रस्त्यावर लागतो. शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या लागतो.

या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडले, तरी तो वाढू शकतो. बहुधा दहा-पंधरा वर्षांनी तो उघड होतो. धूळ फार असेल, तर त्याआधीही होतो. म्हणून तरुण माणूस म्हणतो, "मला कुठं काय झालंय?" त्याला झालेले नसते असे नाही. ते अजून दिसत नसते.

एक हिशेब

आता थोडे अंकगणित करू. १० मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर खोल असे एक भोक काँक्रीटमध्ये पाडले. त्यातून सुमारे ११ ग्रॅम भुकटी निघते. म्हणजे दोन लहान चमचे.

अमेरिकेत २०१६ साली एक नियम झाला. आठ तासांच्या पाळीत, हवेच्या एका घनमीटरात गारगोटीची बारीक धूळ सरासरी ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा तो नियम. काम करणारा माणूस आठ तासांत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाची हद्द झाली ५०० मायक्रोग्रॅम, अर्थात अर्धा मिलिग्रॅम.

११ ग्रॅम म्हणजे ११,००० मिलिग्रॅम. यातली सगळी भुकटी गारगोटीची नसते आणि सगळी तेवढी बारीकही नसते. समजा, हजार भागांतला एकच भाग तशी घातक धूळ निघाली. तरी ती ११ मिलिग्रॅम भरली. दिवसाच्या हद्दीच्या बावीसपट! सगळी नाकात जात नाही, हे खरे. पण आपण दिवसातून एकच भोक पाडतो काय? बंद खोलीत तीस-चाळीस भोके पाडली, तर काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसऱ्यांना काय भोगावे लागले

अमेरिकेत खाणींमधून वाऱ्याच्या दाबावर चालणारी ड्रिल यंत्रे आली, तेव्हा त्यांतून इतकी धूळ उडे आणि तिने इतके खाणकामगार मेले, की लोकांनी त्या यंत्राला 'विधवा करणारे यंत्र' असे नाव पाडले. पुढे लेनर नावाच्या कारागिराने पोकळ पहार वापरून तिच्यातून पाणी सोडण्याची युक्ती काढली. भोकातच धूळ भिजू लागली. १९०० सालाच्या सुमारास उपाय हाती आला होता.

तरीही १९३०-३१ साली त्याच देशात, वेस्ट व्हर्जिनिया प्रांतात हॉक्स नेस्ट येथे एक बोगदा खणताना कोरडेच ड्रिल चालवले गेले. खडक गारगोटीचा होता. काम लवकर उरकायचे होते. शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले. त्यांत काळ्या वर्णाचे गरीब मजूर फार होते. तेव्हा हा रोग केवळ अज्ञानाने होतो असे नाही. उपाय ठाऊक असून घाई केली, तरीही होतो.

आपल्या देशातली गोष्ट तर आणखी जवळची आहे. आमची सारी हयात पाटी-पेन्सिलीच्या संगतीत गेली. त्या पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसोरकडे दगड कापून करत. विजेच्या करवतीने दगड कापताना धुळीचे लोट उठत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांना तपासले. १९८५ साली ती तपासणी छापून आली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सिलिकोसिस होता. त्यांत तरुण पुष्कळ होते. ज्या पेन्सिलीने मुले अक्षरे गिरवीत, तिच्यापायी कुणाचा तरी श्वास जात होता.

धूळ जन्मते तिथेच धरा

या सगळ्यातून एकच धडा निघतो. धूळ हवेत उडाल्यावर तिच्यामागे धावू नये. ती जन्मते तिथेच धरावी. मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

१. ओढून घ्या. धूळ ओढणारे व्हॅक्यूम यंत्र मिळते. त्याच्या नळीचे तोंड भोकाच्या अगदी खाली, भिंतीला टेकवून धरा. एकाने ड्रिल धरावे, दुसऱ्याने नळी. ड्रिलवर बसणारे धुळीचे टोपणही मिळते. काही बिट आतून पोकळ असतात. त्यांच्यातून धूळ थेट यंत्रात ओढली जाते. लेनरची पोकळ पहार आणि हे पोकळ बिट यांची युक्ती एकच. पण व्हॅक्यूमला बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर हवा. घरातला साधा व्हॅक्यूम पुढून धूळ घेतो आणि मागून बारीक धूळ परत खोलीत सोडतो.

२. छताला भोक पाडताना बिटावर रबराची वाटी चढवा. ही वाटी स्वस्त असते. तिच्यामुळे धूळ डोळ्यांत आणि तोंडावर पडत नाही. बारीक धूळ मात्र तिने पुरती अडत नाही, म्हणून मास्क हवाच.

३. फुंकर मारू नका. गिट्टी ठोकण्याआधी भोकात तोंडाने फुंकर मारायची आपल्याकडे सवय आहे. त्याने सगळी धूळ आपल्याच तोंडावर येते. भोक व्हॅक्यूमने साफ करा.

४. कोरडा झाडू मारू नका. आधी कचऱ्यावर पाणी शिंपडा, मग गोळा करा. पंखा लावून धूळ उडवू नका. झाडणाऱ्या बाईलाही मास्क द्या. मिस्त्रीला एक आणि मावशीला पदर, असा भेद धूळ करत नाही.

५. पाणी कुठे मारायचे ते ओळखा. छिन्नी-हातोड्याने तोडायचे असेल, तर भिंत आधी भिजवा. पण चालू विजेच्या साध्या ड्रिलवर पाणी मारू नका. शॉक बसेल. लादी कापायला पाण्यावर चालणारे कटर वेगळे मिळते.

६. मास्क नीट घाला. रुमाल, गमछा किंवा दवाखान्यातला पातळ मास्क या धुळीला अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क घ्या. नाकावरची पट्टी दाबून बसवा. कडेने हवा शिरत असेल, तर मास्क असून नसल्यासारखा. दाढी वाढलेली असली, तरी तो बसत नाही.

७. धुळीचे कपडे घरी नेऊ नका. कामावरच बदला, पिशवीत बांधा. घरी ते झटकू नका, पाण्यात बुडवा. तान्हे पोर बापाच्या छातीला बिलगते. त्याला धूळ कशाला?

यंत्र हाती घेण्यापूर्वी

धुळीने माणूस वर्षांनी मरतो. विजेने क्षणात मरतो. म्हणून हेही पाळा.

भोक पाडण्याआधी बटणांचे बोर्ड, नळ आणि मोरी कुठे आहेत ते पाहा. वायर आणि पाइप बहुधा त्यांच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला गेलेले असतात. तिथे भोक पाडू नका. शंका आली, तर त्या भागाची वीज बंद करा आणि यंत्राला दुसरीकडून वीज घ्या. वायर सोललेली नको, पिनीऐवजी उघडी टोके खोचणे नको. झटका बसताच वीज तोडणारे आरसीसीबी ज्या लाइनवर आहे, तिच्यावरच यंत्र लावा. पावसाळ्यात ओल्या लादीवर उभे राहू नका.

बिट बदलताना पिन काढा. सैल बाही, लोंबणारा गमछा, पदर, सुती हातमोजे ही फिरत्या बिटात अडकतात. डोळ्यांना चश्मा आणि कानांना बोळे हवेत. ड्रिल दोन्ही हातांनी धरा. बिट अडकले, तर ते मनगट पिरगाळते. खांबात किंवा तुळईत बिटाला लोखंड लागले, तर जोर लावू नका, थांबा. जुन्या इमारतीत तर इंजिनियरला विचारल्याशिवाय खांबाला हातच लावू नका. त्या सळईवर वरचे सगळे मजले उभे असतात.

मालकाशी बोलावे

"शेठ, व्हॅक्यूम भाड्यानं आणावं लागेल. काम थोडं सावकाश होईल. पण तुमच्या घरात धूळ राहणार नाही." असे नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. धूळ मालकाच्या मुलाबाळांच्या छातीतही जातेच. हे समजले, की शहाणा मालक नाही म्हणत नाही. ठेकेदाराने तर ही साधने स्वतःहून द्यावीत. ते त्याचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत.

डॉक्टरांना काय सांगाल?

खोकला, दम आणि वजन घटणे ही क्षयाची लक्षणे आहेत. सिलिकोसिसमध्येही तीच दिसतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय लवकर जडतो. म्हणून खोकला दोन आठवडे राहिला, तर पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा. नुसते "खोकला आहे" म्हणू नका. "मी भिंती फोडण्याचे, भोके पाडण्याचे काम इतकी वर्षे करतो," असे आपण होऊन सांगा. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिले, याची खात्री करा. हा धंद्यातून होणारा रोग आहे, असे कायदा मानतो. मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्कही देतो. पण नुसता क्षय लिहिला गेला, तर तो हक्क शाबीत करणे फार कठीण जाते.

एक वही करा

आता शेवटची गोष्ट. आपण लिहायला शिकता आहात. त्या विद्येचा हा पहिला उपयोग करा. एक लहान वही घ्या. रोज एक ओळ लिहा. तारीख, ठिकाण, काम, ठेकेदाराचे नाव. आज कळवा, उद्या दिवा, परवा टिटवाळा, असे आपले काम भटके असते. दहा वर्षांनी कोण सांगणार, आपण कुठे धूळ खाल्ली? वही सांगेल. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला तिथे नाव नोंदवता येते. त्यासाठी काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार दिवस कमी सांगू लागला, तर वही पुढे करता येईल.

यंत्र जपून वापरा. धूळ तिथेच धरा. आणि जे केले ते लिहून ठेवा.

अभ्यास

१. दिसणारी आणि न दिसणारी धूळ यांत काय फरक आहे?
२. भोकात फुंकर का मारू नये?
३. कोरड्या झाडूऐवजी काय करावे?
४. डॉक्टरांना आपण होऊन कोणती गोष्ट सांगावी?
५. आपल्या वहीत आजची ओळ लिहा. तारीख, ठिकाण, काम आणि ठेकेदाराचे नाव.