कूस उजवण्याचे दिवस

पेरणी कधी करावी, हे हसनाबादच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पाऊस पडला की लगेच तो तिफण धरत नाही. वाफसा येऊ देतो. वाफसा हुकला की बी वाया जाते. मूल होण्याचेही तसेच आहे. त्यालाही वाफसा असतो. तो कसा ओळखावा, ते आज आपण शिकू.

यात लाजण्यासारखे काही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शरीराच्या गोष्टी त्यांनी मराठीत उघड लिहिल्या. त्यापायी खटले सोसले. मग आपण निदान वाचायला तरी का लाजावे?

बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. दोन पाळ्यांच्या मधे बहुधा एकच बीज पिकून सुटते. ते फार तर एक दिवस जगते. पुरुषाचे बीज मात्र बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा एक, असे सहा दिवस कामाचे.

बीज सुटते कधी? जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी १९२० ते १९३० च्या दरम्यान हे शोधून काढले. पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी ते सुटते. म्हणजे मोजायचे ते मागून, पुढून नव्हे.

आम्ही शाळेत पुष्कळ गणिते शिकवली. हे त्याहून सोपे आहे. पाळी आली तो दिवस पहिला धरा. पाळी २८ दिवसांनी येत असेल, तर २८ वजा १४ म्हणजे १४. नवव्यापासून चौदाव्यापर्यंतचे दिवस धरा. पाळी ३२ दिवसांनी येत असेल, तर तेराव्यापासून अठराव्यापर्यंत. या दिवसांत नवराबायकोने रोज किंवा एक दिवसाआड एकत्र यावे.

पाळी थोडी मागेपुढे होते? मग अंगाची खूण पाहा. या दिवसांत अंगावरून जाणारे पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे होते. बुळबुळीत, ताणले तर तार धरणारे. पाळी फारच अनियमित असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता मोलाची गोष्ट. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, की घरात सुनेला वांझ म्हणायला लागतात. नवस होतात, अंगारे होतात, दुसऱ्या लग्नाची बोलणी होतात. अहो, बियाणेच किडके असेल, तर रानाला बोल लावून काय उपयोग? पुष्कळ जोडप्यांत उणीव पुरुषात असते. धडधाकट गड्यातही असते. ती नुसती पाहून कळत नाही. त्याची पहिली तपासणी बाईच्या तपासणीपेक्षा सोपी असते. म्हणून दोघांनीही तपासून घ्यावे. बाईचे वय ३५ किंवा जास्त असेल, तर सहा महिन्यांतच जावे. आधी आशाताईंना विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून पुढची वाट सांगतील.

करून पाहा : एका बाईची पाळी दर ३० दिवसांनी येते. या महिन्यात ती १ तारखेला आली. तिने कोणत्या तारखा धराव्यात?

उत्तर : ११ ते १६.