वैऱ्याचा वाट चुकलेला बैल

(शास्त्राभ्यास. वाचावयाचे भाग : मत्तय ५:३८–४८, निर्गम २२:५ आणि २३:४, ५, योहान १८:१९–२३, २ राजे ६:८–२४.)

वैऱ्यांवर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा आमच्या मंडळ्यांत सर्वांस तोंडपाठ आहे. रविवारच्या शाळेतील लहान मुलेही ती न अडखळता म्हणून दाखवितात. परंतु ती पाठ म्हणणाऱ्यास जर कोणी विचारले की, ‘बाबा रे, तुझा वैरी कोण?’ तर बहुतेक जण क्षणभर गप्प राहतात आणि मग म्हणतात, ‘माझा कोणी वैरी नाही.’ हे उत्तर ऐकावयास बरे वाटते. पण ते खरे असते असे आम्हांस वाटत नाही. वैरी म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे भाला घेतलेला गल्याथ उभा राहतो. तसा कोणी आमच्या गावात नाही, म्हणून ही आज्ञा राजेरजवाड्यांसाठी व हुतात्म्यांसाठी असावी अशी आम्ही समजूत करून घेतो.

खेड्यातला वैरी निराळा असतो. त्याचे शेत आमच्या शेतास लागून असते, आणि दर नांगरटीस तो बांध थोडथोडा कोरून आपल्याकडे घेतो. पाण्याची पाळी आमची असता रात्री उठून पाट आपल्या शेतात फोडून नेणारा तोच. पुष्कळदा तो आमचा चुलतभाऊ असतो. कोणाचा वैरी तो, ज्याने आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा आमच्या घरी येणे-जाणे बंद केले व आमच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. आणि, हे लिहावयास आम्हांस संकोच वाटतो तरी लिहितो, कधी कधी तो मंदिरात आमच्याच चटईवर दोन माणसे सोडून बसलेला असतो, व आमच्याबरोबर तेच गीत गात असतो.

प्रभूने ही आज्ञा देताना लोकांच्या कानांवर पूर्वी पडलेल्या एका शिकवणीचा उल्लेख केला आहे. शेजाऱ्यावर प्रीती आणि वैऱ्याचा द्वेष, अशी ती शिकवण. तिचा पहिला अर्धा भाग लेवीय १९:१८ मध्ये आहे. दुसरा अर्धा मोशेच्या पाचही पुस्तकांत शोधला तरी आज्ञा म्हणून कोठे सापडत नाही. तो माणसांनी मागून जोडला. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहांत ज्या प्राचीन गुंडाळ्या सापडल्या, त्यांत एका यहूदी पंथाची नियमावली आहे. प्रकाशाच्या पक्षाच्या लोकांवर प्रीती करावी व अंधाराच्या पक्षाच्या लोकांचा द्वेष करावा, असे तीत त्या पंथातील माणसांस शिकविले आहे. तेव्हा अशी शिकवण देणारे लोक प्रभूच्या काळी त्या देशात होते हे उघड आहे. अर्थात त्यांस नावे ठेवण्यात हशील नाही. ही जोड आमच्या मनातही कोणी न शिकविता आपोआप लागते.

उलट नियमशास्त्रात वैऱ्याविषयी जे खरोखर सांगितले आहे, ते निर्गमच्या २३ व्या अध्यायात पाहावे. वैऱ्याचा बैल किंवा गाढव वाट चुकून फिरताना दिसले तर ते त्याच्याकडे परत नेऊन पोहोचवावे, अशी ती आज्ञा. आता आमच्या गावची रीत पाहा. वैऱ्याचा बैल दावे तोडून आमच्या उभ्या ज्वारीत शिरला, तर आम्ही काय करतो? त्यास हाकीत कोंडवाड्यात नेतो, पावती खिशात घालतो, आणि वैरी दंड भरावयास येईल तेव्हा त्याचे उतरलेले तोंड पाहावयास वेळेवर हजर राहतो. कायद्याने ह्यात काही गैर नाही. मात्र त्या दंडाच्या पैशाने आमच्या ज्वारीचे एक कणीसही परत येत नाही. आम्हांस हवे असते ते त्याचे तोंड.

ह्या आज्ञेत प्रीती हा शब्द आलेला नाही, ही गोष्ट उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावी. बैल नेताना मनात काय वाटावे ह्याविषयी तीत एक अक्षर नाही. दावे हातात धरावे, आणि ज्या दाराकडे पाहावयासही नको वाटते त्या दाराकडे चालू लागावे, इतकेच. मत्तय ५:४४ मध्ये मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, ‘अगापाओ’, त्याचाही अर्थ एखादा मनुष्य आवडणे असा नव्हे. प्रभूने वैरी आवडून घ्यावयास आम्हांस सांगितलेले नाही. जो मनुष्य आमचा बांध कोरतो तो आम्हांस आवडेल कसा? परंतु त्याचे बरे करणे, त्याच्याविषयी बरे बोलणे, त्याच्यासाठी प्रार्थना करणे (लूक ६:२७, २८) ह्या हातांच्या व तोंडाच्या गोष्टी आहेत, आणि त्या आवडीची वाट न पाहता करता येतात. मन बहुधा मागून येते. कधी कधी फार उशिराने येते.

येथे कोणी शेतकरी बंधू विचारील, ‘उपदेशकसाहेब, बैल पोहोचविला, पण माझ्या ज्वारीचे काय?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो विचारणारास अविश्वासी ठरवून गप्प बसविणारे उपदेशक आम्हांस आवडत नाहीत. एकच अध्याय मागे जावे. निर्गम २२:५ मध्ये सांगितले आहे की ज्याचे जनावर दुसऱ्याचे शेत चारते, त्याने आपल्या शेतातील उत्तम पिकातून भरपाई करावी. ज्या शास्त्राने वैऱ्याचा बैल परत न्यावयास सांगितले, त्याच शास्त्राने भरपाईचा हक्कही दिला आहे. तेव्हा बैल नेऊन बांधावा आणि दारातच सांगावे, ‘अण्णा, तुमचा बैल आणला आहे. त्याला पाणी पाजले आहे. माझ्या ज्वारीच्या चार ओळी त्याने खाल्ल्या आहेत. उद्या सकाळी या, दोघे मिळून पाहू.’ बांधाचा तंटा असेल तर सरकारी मोजणी मागावी, आणि मोजणीच्या दिवशी त्यालाही सावलीला बोलवावे.

ह्याहून कठीण असा एक भाग आहे, आणि त्यावर आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत. तो म्हणजे मत्तय ५:४१. आमच्या मराठी शास्त्रात तेथे ‘वेठ’ हा शब्द आला आहे, आणि तो अगदी बरोबर आहे. मूळ ग्रीक शब्द इराणी बादशहांच्या डाकव्यवस्थेतून आलेला. बादशहाचे जासूद वाटेतील माणसांस व जनावरांस आपल्या कामास जुंपीत. पुढे रोमी शिपाई जिंकलेल्या मुलखात तेच करू लागले. शिमोन कुरेनेकर ह्याजकडून प्रभूचा वधस्तंभ वाहविला, तेथेही (मार्क १५:२१) हाच शब्द आहे. आमच्यातील पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी अंमलदारांची ओझी डोक्यावर घेऊन पुढल्या गावच्या शिवेपर्यंत वाहिली आहेत. हे वचन त्यांस जितके समजले असेल, तितके ते घरात बसून भाष्ये लिहिणारांस समजणे कठीण.

म्हणून पहिली गोष्ट ही की, जो वेठ घेतो त्याने हे वचन वेठ करणारास ऐकवू नये. प्रभूने ते घोड्यावरून सांगितलेले नाही. ज्यांच्या पाठीवर ओझे पडत होते त्यांच्यामध्ये बसून सांगितले. दुसरी गोष्ट अशी की, पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा आहे, दुसरा कोस चालणाराचा स्वतःचा आहे. पहिल्या कोसात ओझ्याखाली कोण आहे हे शिपाई पाहतही नाही. दुसऱ्या कोसात त्यास मान वळवून पाहावे लागते. तो कोस घेता येत नाही, देताच येतो, आणि देणारा दास नसतो.

मग वेठ चालू ठेवावी काय? मुळीच नाही. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. आणि वेठबिगारी साऱ्या देशात बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. हे कायदे मागणे वा त्यांचा आधार घेणे प्रीतीच्या विरुद्ध आहे असे जो म्हणतो, त्याने योहान १८:२३ वाचावे. दुसरा गाल पुढे करावयास ज्याने सांगितले, त्यालाच महायाजकापुढे एका शिपायाने चपराक मारली. तेव्हा प्रभूने ती परत केली नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मी चुकीचे बोललो असलो तर दाखव, नसलो तर मारतोस का, असा सरळ प्रश्न त्याने विचारला. पौलानेही फिलिप्पै येथे बेकायदा फटके खाल्ल्यावर, गुपचूप निघून जाण्यास नकार दिला व अधिकाऱ्यांस स्वतः यावयास लावले (प्रेषितांची कृत्ये १६:३७). आणि त्याच रात्री तो आपल्या बेड्या ठोकणाऱ्या बंदिशाळेच्या नायकास वाचवून त्याच्या घरी जेवला होता. दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याने एकाच रात्रीत व सकाळी केल्या.

आमच्याच देशातील एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियातून १९६५ मध्ये भारतात आले व ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर ह्या खेड्यात ते आपल्या दोन मुलांसह मोटारीत झोपले असता जमावाने ती मोटार पेटविली. फिलिप १० वर्षांचा होता, टिमथी ६ वर्षांचा. तिघेही जळून मेले. त्यांची पत्नी ग्लॅडिसबाई ह्यांनी, मारणारांस मी क्षमा केली आहे, असे जाहीर केले, आणि त्या मुलीसह बारीपदा येथेच राहून कुष्ठरोग्यांचे काम पाहू लागल्या. २००४ मध्ये तेथे पतीच्या स्मरणार्थ रुग्णालय सुरू झाल्यावर त्या मायदेशी गेल्या. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. खटला मात्र कायद्याप्रमाणे चालला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमा ही एक बाब व गुन्ह्याची कायदेशीर शिक्षा ही दुसरी बाब, ह्यांची सरमिसळ करू नये, असेच बाईंचे म्हणणे होते. त्यांनी कोणाचे रक्त मागितले नाही, व घडलेला गुन्हा गुन्हा नव्हता असेही म्हटले नाही.

ही हकीकत सांगताना एक सावधगिरी ठेवावी. ज्या घरात नुकताच घाव बसला आहे तेथे जाऊन, ‘पाहा, त्या बाईंनी कशी क्षमा केली,’ असे सांगून शोक करणारास घाई करू नये. त्या बाईंची क्षमा त्यांनी स्वतः दिली; ती दुसऱ्याच्या पाठीवर मारावयाची काठी नव्हे. अशा घरी उपदेशकाने प्रथम बसावे, आणि पुष्कळ वेळ काही बोलू नये.

अशी प्रीती केल्याने वैरी बदलतो काय? कधी बदलतो. अलीशास धरावयास आलेल्या अरामी सैन्यास त्याने शोमरोनात नेले, आणि राजा त्यांस ठार मारू पाहत असता अलीशाने त्यांस जेवू घालावयास लावले. त्यानंतर त्या टोळ्या इस्राएलाच्या मुलखात येईनाशा झाल्या. ही गोष्ट आमचे उपदेशक फार रंगवून सांगतात. पण ते २३ व्या वचनापाशी पुस्तक मिटतात. २४ व्या वचनात अरामाचा राजा बेन-हदाद सर्व सैन्य जमवून शोमरोनास वेढा घालतो, हे वाचावयाचे राहून जाते. एन-गेदीच्या गुहेत दावीदाने हाती सापडलेल्या शौलाचा जीव वाचविला, शौल रडला, आणि दोन अध्यायांनंतर तो पुन्हा दावीदाचा पाठलाग करीत आहे. शास्त्र आमच्यापासून काही लपवीत नाही, तर आम्ही मंडळीपासून ते का लपवावे? ‘बैल परत नेलास की शेजारी बांध सोडून देईल’ असे वचन देऊन ठेवले, आणि शेजाऱ्याने पुढल्या नांगरटीस पुन्हा बांध कोरला, तर तो भोळा बंधू शेजाऱ्याबरोबर प्रभूवरही रागावेल.

प्रभूने कारण दिले आहे ते निराळेच आहे. त्याने पित्याच्या सूर्याकडे व पावसाकडे बोट दाखविले (मत्तय ५:४५). पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारांस हे समजावून सांगावयास नको. मृगाचा पाऊस आला म्हणजे तो बांधापाशी येऊन थांबत नाही. ज्याने बांध कोरला त्याच्या कोरून घेतलेल्या पट्टीवरही तो पडतो, आणि तेथेही बी रुजते. हे पाहून आम्ही कधी कधी मनात चरफडतो. ज्याचा तो पाऊस आहे त्याची लेकरे म्हणवून घ्यावयाचे तर हे चरफडणे घेऊन त्याच्याचपुढे गेले पाहिजे.

म्हणून वैऱ्यासाठी प्रार्थना करावी, आणि ती त्याचे नाव घेऊन करावी. मात्र घरी दार लावून, मंडळीपुढे नव्हे. आम्ही अशा प्रार्थना ऐकल्या आहेत की, ‘प्रभू, त्या दुष्टाचे डोळे उघड, त्याचा गर्व उतरव.’ ही प्रार्थनेचा अंगरखा घातलेली फिर्याद होय. जे आपल्या घरासाठी मागतो तेच त्याच्या घरासाठी मागावे : त्याच्या विहिरीस पाणी, त्याच्या पोराचा ताप उतरणे, त्याच्या मुलीस चांगले घर. प्रथम जीभ अडखळेल. अडखळली तरी हरकत नाही; एक गोष्ट मागून उठावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

आता हा पाठ शिकविणाऱ्या उपदेशकांस एक सूचना. शेवटी वर्गाकडून निर्गम २३:५ वाचून घ्यावे आणि मग प्रश्न विचारावेत. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसले आहे, वैरी शेजारी उभा आहे, वाटेवर तिसरा कोणी नाही. त्यास सोडून निघून जाऊ नये, त्याच्याबरोबर राहून ते सोडवावे, असे तेथे आहे. ‘त्याच्याबरोबर’ ह्या शब्दावर वर्गास थांबवावे. एका बाजूने तो धरील, दुसऱ्या बाजूने आपण. गेली पाच वर्षे दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. आता एकाच वेळी उचलावयाचे असेल, तर ‘हं, उचला’ असे कोणीतरी आधी म्हटले पाहिजे. ते कोणी म्हणावे, हे वर्गातील प्रत्येकास विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.