आधी पाहणी, मग बांधणी
उन्हाळी सेवाशिबिरांसाठी नहेम्याकडून पाच धडे

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय २ ते ६



मे महिना जवळ आला की पंचवटीतल्या आमच्या कार्यालयात तरुण संघाची मुले डोकवायला लागतात. "ताई, यंदा शिबिर कुठे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांचे पालक मात्र वेगळे विचारतात. "चार रात्री मुले पाड्यावर राहणार. त्यातून त्यांना काय मिळणार आणि गावाला काय मिळणार?" पालकांचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि आजचा पाठ त्याच्यासाठीच आहे.

आधी माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर तीस मुलांचे शिबिर घेतले. तीन सकाळी घाम गाळून डोंगरउतारावर चर खोदले, गाणी म्हटली, फोटो काढले आणि आनंदाने परतलो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या चरात पाणी थांबलेच नाही. चर एका बाजूला उतरता झाला होता. पाणी त्यातून धावत शेवटच्या टोकाला गेले आणि खालच्या भातखाचराचा बांध फोडून बाहेर पडले. ते खाचर एका आजींचे होते. मी भेटायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाई, पाणी कोणत्या वाटेनं येतं ते मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मुलांनी कष्टात कसूर केली नव्हती. विचारण्याचे काम माझे होते, ते मी केले नाही. त्या रात्री मी नहेम्याचे पुस्तक पुन्हा उघडले.

आपल्या आधीचे लोक

शिबिर, श्रमदान आणि तरुणांची घडण ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातून मुले-मुली तिथे जाऊ लागली. सकाळी कुदळ-फावडे आणि नंतर विचारांची देवाणघेवाण, असा तिथला क्रम. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते आणि दत्तक गावात सात दिवसांच्या शिबिराला जायचे असते.

आपल्या नाशिकच्या मंडळीला तर याहून जुना वारसा आहे. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. प्राइस यांच्या काळात शरणपूर वसले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आली, शिकली, हातांनी काम करायला लागली. त्यांपैकी काही जण पुढे डॉ. लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर किंवा त्यांच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेले. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात मरण पावले. तेव्हा सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने सोबत्यांनी त्यांचा देह कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला. त्यांच्यातच नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. मृत्यूच्या ठिकाणी झाडावर लेख त्याने कोरला, प्रार्थना त्याने वाचली आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीलाही तो हजर होता. ज्यांना जगाने फक्त मदत घेणारे मानले होते, त्या मुलांनीच शेवटची जबाबदारी खांद्यावर घेतली. पाड्यावरच्या मुलांकडे पाहताना ही गोष्ट आपण विसरू नये.

पहिला धडा : बोलण्याआधी पाहा (२:११-१६)

नहेम्या शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा कोट पडला आहे हे ऐकून तो रडला, उपास केला, राजाची परवानगी घेऊन आला. पण आल्यावर त्याने लगेच हातोडा उचलला नाही. तीन दिवस थांबला. मग रात्री थोडी माणसे घेऊन पडका कोट फिरून पाहिला, आणि आपल्या मनात काय आहे ते तोपर्यंत कोणालाही सांगितले नाही.

पेठ-सुरगाण्याकडे धो धो पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावावी लागते. उतार तीव्र आहे, खाली काळा कातळ आहे, पाणी थांबत नाही. हे नकाशावरून कळते. पण कोणत्या ओहोळाला आधी पाणी येते आणि कोणती विहीर शेवटी आटते, हे गावच सांगू शकते. म्हणून आता आम्ही शिबिराच्या दोन महिने आधी जातो. म्हाताऱ्या माणसांबरोबर शिवार चालतो. ग्रामसभेपुढे विषय ठेवतो. पेठ आणि सुरगाणा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. जागा वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी घेतल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

दुसरा धडा : प्रत्येकाला आपल्या घरासमोरचा भाग (अध्याय ३)

तिसरा अध्याय म्हणजे नावांची लांबलचक यादी. आपण ती वाचताना कंटाळतो. पण नीट पाहा. याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत. शल्लूमाबरोबर त्याच्या मुलीही बांधकामावर आहेत (३:१२). पुष्कळ जण आपापल्या घरासमोरचा भाग बांधत आहेत. तकोवेच्या सरदारांनी मात्र मान वाकवली नाही (३:५). आणि त्याच गावच्या साध्या लोकांनी पुढे आणखी एक भाग बांधून दिला (३:२७).

यावरून आम्ही गट पाडण्याची रीत बदलली. आठ जणांचा एक गट, त्यात निम्मी मुले पाड्याची आणि निम्मी शहरातली. शहरातली मुले देणारी आणि पाड्याची घेणारी, हा भेद पहिल्याच सकाळी मोडतो, कारण कुदळ कशी धरायची हे पाड्याच्या मुलाला ठाऊक असते. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर जे पहिले बालवीर शिबिर घेतले, त्यातही साधारण वीस मुलांचे चार छोटे गट होते आणि प्रत्येक गटाचा प्रमुख मुलांपैकीच होता. लहान गटात कोणालाही लपता येत नाही, आणि कोणी मागेही पडत नाही.

तिसरा धडा : काम नीट शिका

उत्साह पुरत नाही, हे मला त्या फुटलेल्या बांधाने शिकवले. चर समपातळीवरच हवा. त्यासाठी साधे साधन आहे. इंग्रजी 'ए' अक्षरासारखी लाकडी चौकट करायची आणि तिच्या शेंड्याला दगड बांधलेली दोरी सोडायची. दोन पाय जमिनीवर ठेवून आडव्या पट्टीवर दोरी कुठे पडते ती खूण करायची. मग दोन्ही पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मधे दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजायचे. असे पाऊल पाऊल पुढे जात फक्कीने रेघ मारायची आणि खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची.

मुलांकडून हिशेबही करून घ्या. १० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात एका वेळी १,८०० लिटर पाणी मावते. १५ लिटरचा हंडा धरला तर १२० हंडे. हा आकडा ऐकल्यावर आमच्या एका मुलीने हातातले फावडे खाली ठेवले नाही.

चौथा धडा : गावावर भार टाकू नका (५:१४-१८)

नहेम्या बारा वर्षे अधिपती होता, पण अधिपतीचा भत्ता त्याने घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझे होते. पाण्याची टंचाई असलेल्या पाड्यावर चाळीस जण जाऊन त्याच झऱ्याचे पाणी प्यायले, तर ती कसली सेवा? पिण्याचे व वापरायचे पाणी आपण न्यावे. तांदूळ आणि नागली गावातूनच योग्य भावाने विकत घ्यावी. स्वयंपाक बचत गटाच्या बायांकडे सोपवावा आणि त्यांची मजुरी ठरल्याप्रमाणे द्यावी. जुने कपडे वाटणे आणि विचारल्याशिवाय फोटो काढणे आम्ही बंद केले आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपली सेवा हे आमिष नाही. आपण प्रभूचे आहोत हे लपवायचे नाही, सकाळची उपासना आपली आपण करायची. पण गावाच्या देवांबद्दल, सणांबद्दल वावगा शब्द काढायचा नाही. पाणी सगळ्यांच्या शेतात जिरते.

पाचवा धडा : कामाबरोबर पहारा (अध्याय ४)

कोट बांधताना निम्मे लोक काम करीत आणि निम्मे पहारा देत. आपल्या शिबिरातही पहारा हवाच. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या आईबापांची आठवण ठेवून पुढील नियम पाळावेत.

१. पालकांची लेखी संमती आणि मुलाच्या आजारांची, औषधांची माहिती आधी घ्यावी.
२. काम सकाळी सहा ते साडेनऊ. दुपारी सावलीत पाठ, खेळ, विश्रांती. मीठ-साखरेचे पाणी सतत हाताशी हवे.
३. धरण, नदी, विहीर, कुठेही पोहायला उतरायचे नाही.
४. मुला-मुलींची झोपण्याची सोय वेगळी. कोणतेही मोठे माणूस एखाद्या मुलाबरोबर एकटे राहणार नाही.
५. गाडी रात्रभर शिबिरावर उभी हवी. सर्पदंशाची लस असलेले जवळचे सरकारी रुग्णालय आधी पाहून ठेवावे.
६. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे तक्रार करणे बंधनकारक आहे. मंडळीचे नाव जाईल म्हणून झाकणे हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असू द्या.

पुढारी कोण?

आमच्या शिबिरात गटप्रमुख रोज बदलतो. डोकी मोजणे, हत्यारे परत जमा करणे, पाणी पुरले का पाहणे आणि रात्री दिव्याभोवती दिवसाचा अहवाल देणे ही त्याची कामे. तो सर्वांत शेवटी जेवतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग (योहान १३) आम्ही शेवटच्या रात्री वाचतो. तोवर प्रत्येकाने एकदा तरी इतरांची ताटे धुतलेली असतात, त्यामुळे फार समजवावे लागत नाही.

त्या आजींच्या पाड्यावर आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. पहिला दिवस फक्त त्यांचा बांध दुरुस्त करण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः उतारावर आल्या आणि काठीने दाखवत गेल्या, "इथून येतं, इथून." त्या दिवशीची गटप्रमुख पाड्यावरचीच दहावीतली मुलगी होती. शहरातल्या मुलांना ती चौकट कशी धरायची ते शिकवत होती. मी मागे उभी राहून पाहत होते. माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

नहेम्याचा कोट ५२ दिवसांत उभा राहिला (६:१५). आपले शिबिर चार-पाच दिवसांचे. एवढ्या दिवसांत कोट होत नाही. पण पाहणी करणारे डोळे, विचारणारी जीभ आणि वाकणारी मान एवढे जरी आपल्या मुलांना लाभले, तरी पालकांच्या प्रश्नाला आपण उत्तर देऊ शकू.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीने केलेल्या एखाद्या सेवेत, ज्यांच्यासाठी ती केली त्यांना आधी विचारले होते का?
२. तकोवेचे सरदार आणि तकोवेचे लोक, यांपैकी आपण आज कोणत्या बाजूला आहोत?
३. आपल्या 'घरासमोरचा भाग' कोणता? वस्ती, शाळा, नदीचा काठ?
४. आपल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी मंडळीत कोणते लेखी नियम आहेत?

प्रार्थनेसाठी

यंदाच्या शिबिराला जाणाऱ्या मुलांसाठी, त्यांना सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि ज्या पाड्यांनी आपल्याला दार उघडले त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि जमल्यास एक दिवस स्वतः या. कुदळी पुरेशा आहेत.

ख्रिस्तात आपली बहीण,
एक कार्यकर्ती, पंचवटी