पळतो घोडा, मग पदक स्वाराला का?

प्रश्न : घोडेस्वारीत धावतो घोडा, उडी मारतो घोडा. स्वार वर नुसता बसलेला असतो. मग त्याला खेळाडू का म्हणायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नुसतं बसून तर बघा! घोडा दुडक्या चालीला लागला की दर ठेक्याला त्याची पाठ उसळते. नवखा माणूस खोगिरावर आपटत राहतो आणि तोल सावरायला लगाम ओढतो. लगामाची लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात, दात नसलेल्या जागी हिरडीवर टेकलेली असते. तिथे हिसका बसला की घोडा मान वर फेकतो, पाठ ताठ करतो आणि स्वार आणखी आपटतो.

मांड पक्की झाली की हात मोकळे होतात आणि खरं काम सुरू होतं. पोटरीचा हलका दाब, कमरेचा किंचित कल, मूठ आवळणं, सैल सोडणं. माशी बसली तरी कातडी थरथरवणाऱ्या जनावराला एवढं पुरतं. घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या ड्रेसाज या प्रकारात तर हे इशारे बघणाऱ्याला जवळजवळ दिसू नयेत, अशीच अपेक्षा असते. तुम्हाला स्वार रिकामा बसलेला वाटला, म्हणजे तो चांगला असणार.

यात ताकदीचं काम किती? 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी ड्रेसाजचं रौप्यपदक जिंकलं, तेही पुरुषांच्या बरोबरीने खेळून. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे होते. घोड्यावर चढायला मदत लागे. पुढच्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा रौप्य.

घोड्याचा वाटा कोणी नाकारत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या घोडेस्वारीसह पाच प्रकारांच्या खेळात चिठ्ठी टाकून अनोळखी घोडा मिळे आणि ओळखीला मिनिटं फक्त 20. आघाडीवरच्या जर्मन खेळाडूचा घोडा उड्या मारायलाच तयार होईना. ती थेट 31व्या क्रमांकावर घसरली. पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारी काढूनच टाकली. बरंच झालं. जोडी जमायला वेळ लागतो. 2023 साली हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं पहिलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्या यशामागे घोड्यांसोबत परदेशात काढलेली वर्षं आहेत.

स्वतः शिकणार असाल, तर सुरुवातीला उस्ताद लांब दोरीवर घोडा गोल फिरवतील, रिकिबी काढतील आणि लगामही हातात देणार नाहीत. कंटाळून सोडू नका.