वासोट्याला कॅमेरा नेताना

पोरांनो, पावसाळ्यात बंद असलेला वासोटा किल्ला उघडला, की तुमचे बेत सुरू होतात आणि मग मला विचारता, “काका, कुठला कॅमेरा नेऊ?” मी म्हणतो, आधी पाणी मोजा. माणशी तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो. त्यात भाकरीचा डबा, अंगावरचं जादा कापड, औषधं. हे सगळं भरून सॅकमध्ये जी जागा उरेल आणि खांद्यात जो जोर उरेल, तेवढाच कॅमेरा. माझा हिशेब दीड किलोवर जात नाही. पाण्याची बाटली काढून लेन्स भरणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

दीड किलोत पुष्कळ बसतं. साधारण अर्ध्या किलोची बॉडी आणि तेवढ्याच वजनाची १८-१३५ची झूम लेन्स. बस्स. ती मोठी पांढरी ७०-२०० एकटीच दीड किलोच्या घरात जाते. तिच्यावर तुमचा जीव असतो, कारण कोयनेचं रान म्हटलं की जनावर दिसेल असं वाटतं. पण शनिवार-रविवारच्या गर्दीच्या वाटेवर, बोलत-हसत चाललेल्या घोळक्यासमोर कुठलं जनावर येणार? आणि गवा खरंच समोर आलाच, तर लेन्स शोधत बसू नका. अंतर ठेवून गप उभे राहा, त्याला जाऊ द्या.

ट्रायपॉडचं जरा नीट सांगतो, कारण त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वाद घालता. आपल्या रहिमतपुरातून अंधारात निघालात, तरी सातारा, कास करत बामणोलीला पोचायला सकाळ होते. तिथून शिवसागर जलाशयातून लाँचने दीडेक तास. मग मेट इंदवलीला वनखात्याची तपासणी, आणि पुढं दोन-तीन तासांचा चढ. म्हणजे माथ्यावर तुम्ही भर दुपारी. संध्याकाळच्या आत लाँचमध्ये परत बसावंच लागतं, कारण हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, मुक्कामाला परवानगी नाही. सूर्योदय रस्त्यात जातो, सूर्यास्त पाण्यावर. मग ते तीन पाय कशासाठी वाहायचे? कोवळ्या उन्हातलं पाणी आणि धुकं लाँचमधून टिपा, तिथं हातातला कॅमेरा पुरतो. फक्त तुषार उडतात म्हणून लेन्सला हूड लावा, आणि नको तेव्हा कॅमेरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तपासणीत प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, तेव्हा ती पिशवीही सांगा आणि परत आणा.

दुपारच्या उन्हाची भीती बाळगू नका. बाबूकड्यासारखे कोकणाकडे तोंड केलेले कडे सकाळी सावलीत असतात. ऊन डोक्यावरून सरकलं की त्यांच्या भेगा उठून दिसू लागतात. आकाश पांढरं पडतं, त्याला पोलरायझर कामी येतो. शंभर ग्रॅमही नसलेली ही काच मला दुसऱ्या बॉडीपेक्षा मोलाची वाटते. चढावरचं जंगल मात्र दाट आणि अंधारं. तिथं आयएसओ १६०० किंवा ३२०० करायला कचरू नका, दाणा चालतो, हललेला फोटो चालत नाही. फारच वाटलं तर ५०ची १.८ खिशात टाका. दोनशे ग्रॅमच्या आत असते. पण लेन्स बदलायची ती सपाटीला बसून, घाम पुसून. चालता चालता कधीही नाही.

पट्टा गळ्यात नको. चढताना वाकलात की कॅमेरा पुढं झुलतो आणि दगडावर आपटतो. तिरका, अंगाला घट्ट घ्या, नाहीतर सॅकच्या खांदपट्टीला अडकवा. घसरडी उतरण आली की सरळ सॅकमध्ये, दोन्ही हात मोकळे. बाकी जादा दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, एक सुती रुमाल. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीशिवाय तिथं उडवता येत नाही. अख्खा देखावा एका चौकटीत हवा असेल, तर तुमचा फोन ते उत्तम करतो. त्यासाठी वेगळी वाइड लेन्स कशाला?

माझ्या स्टुडिओतल्या यशिका कॅमेऱ्यात १२० चा फिल्म रोल घातला, की बारा फोटो मिळायचे. तेवढ्यात गड बसवायचा म्हणजे कुठं थांबायचं हे आधी ठरवावं लागे. तुम्हीही घरून पाच-सहा जागा ठरवून निघा : लाँच, ओढा, जंगलातला उजेड, मारुतीचं देऊळ, बाबूकडा, समोरचा जुना वासोटा. त्यावरून सामान आपोआप ठरतं.

आणि एवढं करूनही मन ठरत नसेल, तर जरंडेश्वर आपल्या जवळच आहे. न्यायचंय ते सगळं, भरलेल्या बाटल्यांसकट, पाठीवर घ्या आणि एकदा डोंगर चढून उतरा. खाली आल्यावर सॅक उघडून बघा. जी वस्तू एकदाही बाहेर निघाली नाही, ती वासोट्याला नेऊ नका. लाँचचं बुकिंग त्यानंतर करा.