मस्कतचं खातं परदेशी, की चिपळूणचं?

प्रश्न : माझा मुलगा मस्कतला नोकरी करतो. पगार तिथल्याच बँकेत जमा होतो. ओळखीचे लोक म्हणतात, हे 'ऑफशोअर' खातं झालं, उद्या आयकरवाले विचारतील. यात बेकायदा काही आहे का? आणि अशा खात्याचा फायदा काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : निर्धास्त राहा. माणूस एका देशात राहतो आणि खातं दुसऱ्या देशात ठेवतो, तेव्हा ते ऑफशोअर. तुमचा मुलगा मस्कतमध्ये राहतो, म्हणून मस्कतचं पगाराचं खातं हे त्याचं घरचंच खातं. ऑफशोअर म्हणायचंच, तर चिपळूणच्या बँकेतलं त्याचं खातं तसं ठरतं!

गल्लत होते ती इथेच. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याने अनिवासी होतो. मग त्याचं जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही; बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावं लागतं. अनेक घरांत हे राहून जातं, तेव्हा आधी तेवढं तपासा. इथलं घरभाडं, लाभांश वगैरे एनआरओत जमा होतं आणि त्यावरच्या व्याजाला भारतात कर लागतो. तिकडची कमाई मात्र एनआरई खात्यात पाठवावी. तिचं व्याज अनिवासी असेपर्यंत भारतात करमुक्त असतं आणि मुद्दल-व्याज दोन्ही पुन्हा परदेशी नेता येतं.

मग सगळे पैसे एनआरईतच का ठेवू नयेत? कारण ते खातं रुपयाचं असतं. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला आहे, 1986 पासून एका रियालला सुमारे 2.6 डॉलर या दराने. रुपया डॉलरपुढे घसरला की रियालपुढेही घसरतो, आणि मागच्या काही दशकांत तो बहुतेक घसरतच आला आहे. एनआरईवर व्याज जास्त दिसलं, तरी त्यातला काही भाग ही घसरण खाऊन टाकते. मुलगा पुढे चिपळूणलाच घर बांधणार असेल, तर ही चिंता फारशी नको. खर्च रुपयातच व्हायचा आहे. पण परदेशात शिक्षण किंवा वास्तव्य मनात असेल, तर काही रक्कम रियालमध्ये किंवा भारतातल्या बँकेच्या एफसीएनआर ठेवीत ठेवावी. ही ठेव 1 ते 5 वर्षांची असते आणि डॉलर, पौंडासारख्या परकीय चलनातच राहते. अशा खात्यांचा खरा फायदा हाच, की ज्या चलनात उद्या खर्च, त्या चलनात आज बचत करता येते.

(एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये काढलेला आखाती रुपया मस्कतमध्ये 1970 पर्यंत चालत होता.)

दुसरा गैरसमज म्हणजे तिथे कर नाही, म्हणून कुणाला कळत नाही. ओमानमध्ये आज पगारावर आयकर नाही हे खरं. 2025 च्या कायद्याने 1 जानेवारी 2028 पासून वर्षाला 42,000 रियालच्या वरच्या उत्पन्नावर 5 टक्के कर येणार आहे. बहुतेक नोकरदारांना तो लागू होणार नाही. पण करमुक्त म्हणजे गुप्त नव्हे. खात्यांची माहिती एकमेकांना कळवण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारत आणि ओमान दोन्ही आहेत.

मुलगा परत आला तर? परदेशात राहताना कमावलेले पैसे तिथेच ठेवायची मुभा फेमा देतो, मस्कतचं खातं घाईने बंद करायला नको. एनआरई खातं मात्र निवासी किंवा आरएफसी (निवासींचं परकीय चलनातलं) खातं करून घ्यावं लागतं. परतल्यावर तो करासाठी पूर्णार्थाने निवासी ठरला, की मस्कतच्या खात्याची नोंद आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात करावी लागते, शिल्लक कितीही असो, आणि तिथलं व्याजही इथे करपात्र होतं. ही नोंद टाळली, तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. म्हणून परतायच्या वर्षी, तिकीट काढण्याआधीच, एखाद्या सीएला सगळी खाती दाखवा. वर्षात भारतात किती दिवस राहणं झालं, यावर करातलं बरंच काही ठरतं.